दिराचं औषध मला लागू पडलं नाही

मला एक वाक्य म्हणायला सांगितलं होतं. "मी हरले. माझ्यात ताकद नाही. मला तुम्हीच सांभाळा." सकाळच्या प्रार्थनेनंतर, गोलात उभं राहून, डोळे मिटून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. माझ्या धाकट्या दिरानं हेच वाक्य म्हटलं आणि त्याची दारू सुटली. मी ते म्हटलं नाही. आजही म्हणणार नाही. आणि तरीही माझ्या गोळ्या सुटल्या.

हे लिहायचं कारण एवढंच, की आता बाया मला फोन करतात. कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ, एखादी स्वतःसाठीच, पण बहिणीचं नाव पुढं करून. "ताई, तुमी कोणत्या सेंटरला गेल्त्या? पत्ता द्या." मी लगेच पत्ता देत नाही. मी विचारते, माणूस कसा आहे? एकटा राहणारा की चारचौघांतला? ऐकणारा की उलटून बोलणारा? बाया बुचकळ्यात पडतात. दारूचा अन् सोभावाचा काय संबंध, म्हणतात. मलाही तो संबंध कुणी सांगितला नव्हता. तो कळेपर्यंत जे भोगलं ते खाली लिहिलं आहे.

कंबर गप्प करणारी गोळी

मी शोभा. एसटीत कंडक्टर. घर आखाडा बाळापूरला, ड्युटी हिंगोलीची. नवरा माधव ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करतो. मुलगी पूजा त्या वर्षी बारावीला होती. दीर दिगंबर भिंतीला भिंत लागून राहतो, वावर तोच बघतो.

कंडक्टरचं काम म्हणजे उभ्यानं धक्के खाणं. एकदा रस्त्यात म्हैस आडवी आली, ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला आणि मी सीटच्या लोखंडी दांडीवर कमरेत आदळले. मणक्यातली गादी सरकली. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दुखण्याची गोळी लिहून दिली आणि आराम सांगितला. गोळी घेतली, आराम केला नाही. आमच्या गल्लीतून नोकरीसाठी गाडीवर चढलेली मी पहिली बाई. ही कधी कंबर धरून घरी बसते याची वाट बघणारे पुष्कळ होते. त्यांना ते सुख द्यायचं नव्हतं.

गोळीनं कंबर गप्प व्हायची. पुढं पुढं बाकीचंही गप्प व्हायला लागलं. सासूची कुरकुर, सुट्ट्या पैशांवरून होणारी भांडणं, उभ्या गर्दीतले नको ते धक्के, सगळं काचेपलीकडून आल्यासारखं वाटायचं. मग एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या किती झाल्या ते मी मोजायचं सोडलं. माझी गाडी रोज वेगवेगळ्या गावांवरून जायची. प्रत्येक गावात एखादं मेडिकल असतंच. "कंबर लई दुखते हो" म्हटलं की गणवेशातल्या बाईला कुणी चिठ्ठी मागत नव्हतं.

दारूचा वास येतो. गोळीचा येत नाही. त्यामुळं घरात व्यसनी एकच होता, दिगंबर. त्याला मीच बोलायचे. "भावजी, लाज वाटू द्या जरा." तो मान खाली घालायचा.

नरसीच्या अलीकडं

सेनगावहून परतीची फेरी होती, दुपारची. त्या दिवशी गोळ्या संपल्या होत्या आणि सकाळपासून अंगात कापरं भरलं होतं. पुढचं मला आठवत नाही, ड्रायव्हर रफिकभाईंनी सांगितलं ते लिहिते. "मॅडम, तुमी तिकीट द्यायला हात पुढं केला अन् हात तसाच राहिला. मग धाडकन खाली."

मला फेफरं आलं होतं. एका म्हातारीनं माझं डोकं मांडीवर घेतलं. रफिकभाईंनी पुढचा एकही थांबा घेतला नाही. आख्खी गाडी पासिंजरसकट हिंगोलीला दवाखान्याच्या दारात नेऊन उभी केली. एकाही पासिंजरनं मधी उतरवून द्या म्हटलं नाही, हे ते अजून अभिमानानं सांगतात.

शुद्धीवर आले तेव्हा एक तरुण डॉक्टर समोर होता. माधव आणि पूजा पायाशी.

"कोणत्या गोळ्या घेता?" डॉक्टरनं विचारलं.

"कोणत्याच न्हाई."

पूजानं माझी तिकिटाची पिशवी उचलली, आतला चोरकप्पा उलटा केला. रिकाम्या पट्ट्या पलंगावर पडल्या. कुस्करलेल्या, दुमडलेल्या, चांदीच्या कागदाच्या.

"तुला म्हाईत होतं?" मी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. "मला वाटलं तुला कॅन्सर झालाय, अन् तू आमाला सांगून नाही राहिली."

म्हणजे माझं लेकरू माझ्या मरणाच्या भीतीनं झोपत नव्हतं, आणि मी समजत होते की कुणाला काही कळत नाही.

डॉक्टरनं पट्ट्या हातात घेऊन पाहिल्या. "ही साधी अंगदुखीची गोळी नाही. हिची सवय लागते. तुम्हाला व्यसन लागलंय, ताई."

माधव हसला. खरंच हसला. "डॉक्टरसाहेब, व्यसन माझ्या भावाला होतं. ही तर दुसऱ्यांदा च्या बी घेत न्हाई."

डॉक्टर हसला नाही. मग माधवचंही हसू हळूहळू उतरलं. मला रडू आलं नाही, राग आला. माझ्यावर, डॉक्टरवर, त्या शब्दावर. घरात त्या शब्दाचा मालक दुसराच होता.

गोल

मधल्या काळात दिगंबर सुधारला होता. जिल्ह्याबाहेरच्या एका केंद्रात राहून आला होता आणि आल्यापासून दर रविवारी हिंगोलीला दारू सोडलेल्यांच्या बैठकीला जायचा. एक रविवार चुकवत नव्हता. दिगंबरचा स्वभाव सांगते. त्याला एकट्यानं जेवण जात नाही. वावरात एकटा असला तर बैलाशी बोलतो. काय पेरायचं, लेकरांना कुठल्या शाळेत घालायचं, बायकोसाठी साडी कोणती घ्यायची, सगळं कुणीतरी सांगावं लागतं. दारूही त्यानं एकटेपणाला भिऊनच धरली होती. त्या केंद्रानं त्याला माणसं दिली आणि त्याच्या डोक्यावरचं ओझं काढून घेतलं.

माझं कळल्यावर तो घरी आला, जमिनीवर बसला आणि म्हणाला, "वहिनी, माझ्या जागी चला. मी हाय ना. तिथं लई मोकळं वाटतं."

त्यानं एवढ्या मायेनं म्हटलं की मी गेले. तिथं बायांसाठी वेगळी बाजू होती.

तिथली माणसं वाईट नव्हती, हे आधीच सांगते. जेवण साधं पण गरम असायचं. अंगातली गोळी उतरवायला औषधं मिळत होती. पहाटे उठायचं, झाडलोट, प्रार्थना, मग गोल. केंद्र चालवणारे सर स्वतः एकेकाळी पिणारे. त्यांचा आवाज मऊ होता. गोलात प्रत्येकीनं आपली कहाणी सांगायची आणि शेवटी ते वाक्य म्हणायचं. मी सोडून सगळ्या म्हणत होत्या. काहींचे चेहरे ते म्हणताना खरंच सैल पडायचे, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझ्या शेजारची तर म्हणता म्हणता हुंदके द्यायची आणि नंतर दिवसभर हलकी फिरायची.

माझी पाळी आली की माझा जबडा आवळून यायचा.

"म्हणा शोभाताई," सर म्हणायचे.

"न्हाई म्हणत."

"हा तुमचा अहंकार बोलतोय."

"असंल."

"अहंकार गेल्याशिवाय व्यसन जात नाही."

मी पुष्कळ विचार केला. वाक्य म्हणून टाकायला काय जातं? तोंडानं म्हणायचं, मनात नाही धरायचं. पण आयुष्यभर मला लोक हेच सांगत आले होते. तुझ्यात ताकद नाही, तुला जमणार नाही, आम्ही सांभाळतो, तू बस. सासरे म्हणाले, गावातल्या लोकांनी म्हटलं, भरतीच्या दिवशी रांगेत मागं उभ्या असलेल्या पोरांनी म्हटलं. आता तेच मी माझ्या तोंडानं म्हणायचं, तेही बरं होण्यासाठी?

एक दिवस सर म्हणाले की मी सहकार्य करत नाही तोवर घरी फोन लावून मिळणार नाही. पूजाची परीक्षा तोंडावर होती. मी गोलाच्या मधोमध उभी राहिले.

"सर, माझ्या गाडीत कुणी चढलं की मी आधी विचारते, कुठं जायचं? मग तिकीट फाडते. तुमी मला एकदाबी विचारलं न्हाई. सगळ्यायला एकच तिकीट फाडून राहिले. माझं गाव ह्या रस्त्यावर न्हाई."

गोलात एक जण हसली, लगेच गप्प झाली. सरांचा चेहरा पडला. मला त्यांचं वाईट वाटलं, तरी मी थांबले नाही. त्याच दिवशी माधवला बोलावून घ्यायला लावलं आणि बॅग भरली.

माधवसोबत दिगंबरही घ्यायला आला होता. गाडीत तो पाठ फिरवून बसला. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाला, "वहिनी, तुमी माझ्या देवळात चपला घालून गेल्या."

घरातला हट्ट

घरी आले ती इरेला पेटूनच. माझं मी सोडून दाखवते. केंद्रातून सोबत आणलेल्या आणि घरात लपवलेल्या सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या, पाण्याची बादली मागून ओतली.

हे कुणी करू नका. हे मी मोठ्या अक्षरांत लिहिलं असतं. उपचार अर्धवट टाकलेला, त्यावर गोळी एकदम बंद. भर उन्हात मला हुडहुडी भरली. डोळ्यांतून, नाकातून पाणी, पोटात पीळ, पाय आपोआप झाडले जायचे. अंथरुणात असं वाटायचं की हाडांच्या आत मुंग्या चालल्यात. माधव पाय चेपत बसायचा. सासूबाई, ज्यांनी आयुष्यात मला धड शब्द दिला नाही, त्या ताकात मीठ घालून चमच्यानं पाजायच्या आणि मला शिव्या द्यायच्या. "मर म्हणावं त्या गोळीला, तू काहून मरायलीस." तेवढ्या दुखण्यातही मला त्या शिव्या गोड लागल्या.

दुसरं फेफरं येईल अशी भीती वाटायला लागली आणि शेवटी मीच उठून मेडिकलला गेले. काउंटर धरून उभी राहिले. गोळी घेतली. परत येताना पूजा दारात उभी होती. ती ओरडली नाही.

"मम्मी, तू हरली न्हाईस," ती म्हणाली. "पण तुला येत न्हाई ते. शिकवणारं कुणीतरी लागंल."

हिंगोलीच्या त्या तरुण डॉक्टरकडं तीच मला घेऊन गेली. त्यानं नांदेडच्या एका मनाच्या डॉक्टर मॅडमचं नाव सुचवलं.

मॅडमनी विचारलेलं

नांदेडला आम्ही तिघं गेलो. मी, माधव आणि दिगंबर. दिगंबर रागावलेला होता, तरी आला. वहिनीला दवाखान्यात एकटं कसं सोडायचं, एवढंच त्याला कळत होतं.

मला वाटलं पुन्हा कहाणी सांगायला लावतील. मॅडमनी गोळ्यांचं नंतर विचारलं. आधी विचारलं, "नोकरी कुणी लावून दिली?"

"कुणीच न्हाई. सासरे म्हणले बाईमाणसानं गाडीवर जायचं न्हाई. म्हणून गेले."

"स्कूटी चालवता म्हणे. कुणी शिकवली?"

"ह्यायनं सांगितलं तुला जमणार न्हाई. म्हणून शिकले."

माधव खिडकीबाहेर बघायला लागला. मॅडम हसल्या. "म्हणजे तुम्हाला कुणी बसा म्हटलं की तुम्ही उभ्या राहता."

"अन् उभं राहा म्हटलं की बसते."

"मग मी तुम्हाला काही सांगत नाही. तुम्ही विचारा, मी उत्तरं देते."

इतक्या दिवसांत हे पहिल्यांदा कुणी म्हटलं होतं. मी विचारतच सुटले. फेफरं कशानं आलं? पाय का झाडतात? गोळी हळूहळू का सोडायची, एकदम का नाही? कंबर परत दुखली तर काय? बरं झाल्यावर डोकं पहिल्यासारखं चालेल का? बाहेर पेशंटची रांग होती. मॅडमनी घड्याळाकडं बघितलं नाही. एका प्रश्नाला तर त्या म्हणाल्या, "हे मलाही पक्कं माहीत नाही." त्या वाक्यानं माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

मी त्यांना केंद्रातलं सगळं सांगितलं. मला वाटलं त्या केंद्राला नावं ठेवतील. त्या दिगंबरकडं वळल्या.

"तुम्हाला बैठकीत काय बरं वाटतं?"

दिगंबर आधी लाजला. मग म्हणाला, "मॅडम, तिथं मी एकटा नसतो. अन् मला काही ठरवावं लागत न्हाई. ते म्हणतील तसं करायचं. डोकं शांत राहतं."

"बरोबर आहे. ते सोडू नका. तुमचं औषध तेच आहे."

मग आमच्या दोघांकडं बघून त्या म्हणाल्या की काही माणसं चारचौघांत बोलली की मोकळी होतात आणि काहींना चारचौघांत बोलायला लावलं की ती आतून कडी लावून घेतात. कुणाला नियम दिला की आधार वाटतो, कुणाला नियम दिला की तो मोडावासा वाटतो. गोळी-औषधाचं शास्त्र सगळ्यांना सारखंच, पण ते माणसाच्या गळी उतरवायची रीत माणूस पाहून ठरवावी लागते. "आणि माझा अंदाज चुकला," त्या म्हणाल्या, "तर आपण बदलू. हट्ट धरायचा नाही. म्हणजे मी नाही धरायचा. तुम्ही धरा."

शेवटी त्यांनी विचारलं, "कमी करत न्यायच्या गोळ्या कुणाकडं ठेवायच्या?"

"माझ्याकडं," माधव लगेच म्हणाला.

"माझ्याकडं," मी म्हणाले.

मॅडमनी चिठ्ठीवर आठवड्याचा हिशेब मांडला. मग म्हणाल्या, "एका आठवड्याच्या तुमच्याकडं देते. मधेच संपल्या तर पुढच्या वेळेपासून यांच्याकडं." त्या कधी मधेच संपल्या नाहीत. संपवायची इच्छा झाली नाही असं नाही. रोज झाली. पण माझ्यावर टाकलेला विश्वास मी कुणाच्या बापाला मोडू दिला नसता, माझ्या स्वतःच्या हातालाही नाही.

चौकशीची खिडकी

डेपोत काय सांगायचं, हा प्रश्न होता. माधव म्हणाला, मणक्याचं सांग. मणका खराब होताच, ते खोटंही नव्हतं. पण अर्धं सांगितलं की उरलेलं अर्धं लोक आपल्या मनानं भरतात. मी सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, मला दुखण्याच्या गोळ्यांचं व्यसन लागलंय. इलाज चालू हाय. फेफरं यायची भीती जाईपर्यंत मी गाडीवर जाणार न्हाई, पण घरीबी बसणार न्हाई. काम द्या."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. बरीच माणसं रजेसाठी त्यांच्याकडं आजार घेऊन येतात. आजार घेऊन काम मागणारी मी त्यांना नवीन होते. डॉक्टरांचं पत्र पाहिलं आणि मला चौकशीच्या खिडकीवर बसवलं.

बातमी दुपारपर्यंत सगळीकडं गेली. विश्रांतीच्या खोलीत एक जण मुद्दाम मोठ्यानं बोलला, "आता बायाबी चरसी व्हायल्या."

मी त्याच्या पुढ्यात खुर्ची ओढून बसले. "काय विचारायचं ते विचार. मी समद्याचं उत्तर देते. काय खायचे, किती खायचे, कुठून आणायचे. विचार."

तो डबा उचलून बाहेर निघून गेला. पण दोन दिवसांनी दुसराच एक ड्रायव्हर खिडकीशी आला, इकडं तिकडं बघितलं आणि खिशातून पट्टी काढून दाखवली. "ताई, ही तीच का?" तीच होती.

गोळी कमी होत गेली तसं जग परत मोठ्यानं ऐकू यायला लागलं. हा भाग मला कुणी सांगितला नव्हता. काच निघून गेली. हॉर्न, भोंगे, लेकरांची रड, सासूबाईंची कुरकुर, सगळं थेट अंगावर. मी माइकवरून "सेनगाव गाडी फलाटावर लागत आहे" म्हणताना मधेच रडायचे आणि पुढचं वाक्य पुरं करायचे. कंबरही बोलायला लागली. तिच्यासाठी व्यायाम होता, शेक होता. माधव रोज शेकायच्या पिशवीत पाणी भरून द्यायचा. एक दिवस देता देता "जमंल तुला" असं म्हणाला. तेही चुकून असेल, पण त्यानं आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं.

एकदा मी मॅडमना म्हणाले, "लवकर संपवा हो. माझा हट्ट पुरेसा हाय."

"हट्ट पुरेसा आहे," त्या म्हणाल्या. "मेंदूला हट्ट कळत नाही. त्याला वेळ लागतो." कारण सांगितलं म्हणून मी ऐकलं. नुसतं थांबा म्हटलं असतं तर थांबले नसते.

ज्या दिवशी पहिल्यांदा एकही गोळी नव्हती, त्या दिवशी काही घडलं नाही. मी खिडकीवर बसले होते. एका आजीनं वाशिमच्या गाडीचं विचारलं, मी सांगितलं. पुढं बऱ्याच तपासण्या होऊन मला पुन्हा गाडी मिळाली. रफिकभाईंनी पेढे आणले होते.

आखाड्यावर

माझं सुटलं आणि दिगंबरचं बिघडलं.

झालं असं की पाव्हणेरावळ्यांना माझ्यात एक काठी सापडली. ज्या तोंडांनी मला नावं ठेवली होती, तीच आता दिगंबरला म्हणायला लागली, "वहिनीला बघ. बाई असून घरी बसून सोडलं. तुला काय दर आयतवारी हिंगोली लागते? किती वर्सं त्या बैठकीत रडणार?" त्याच्या सासऱ्यानं तर चारचौघांत म्हटलं, "मर्द असशील तर आपल्या जोरावर राहून दाखव."

दिगंबरला कुणीतरी सांगावं लागतं. त्यांनी सांगितलं, त्यानं ऐकलं. बैठक सोडली. मला म्हणाला होता की सोयाबीन काढायला आलंय, वेळ मिळत नाही. मी खरं मानलं.

एका सकाळी त्याची बायको धावत आली. तो आखाड्यावर, वावरातल्या छपरात होता. मी स्कूटी काढली. कडब्याला टेकून बसला होता, डोळे लाल, शेजारी बाटली. मला बघून त्यानं तोंड झाकून घेतलं.

"वहिनी, तुमच्यासारखं करून बघितलं. एकट्यानं. न्हाई झालं. मी कच्चा माणूस हाय."

मला त्याचा राग आला नाही. राग आला तो त्याला ही वाट दाखवणाऱ्यांचा. मी त्याच्या शेजारी धसकटात बसले.

"भावजी, मी एकटीनं केलं असं कुणी सांगितलं तुमाला? मॅडम होत्या. पूजा होती. तुमचा भाऊ माझे पाय चेपत होता. अन् एकटीनं केलं तवा मी मेडिकलचं काउंटर धरून उभी होते, ते इसरलात का?"

त्यानं बाटली कडब्यामागं सरकवली.

"तुमी कच्चे न्हाईत. तुमाला माणसं लागतात. मलाबी लागतात, पण मी त्यायच्याशी भांडते. एवढाच फरक हाय. मॅडमनी तुमाला काय सांगितलं होतं? तुमचं औषध तेच हाय. दुसऱ्याची गोळी खाऊन माणूस बरा होत नसतो. मी काय ते चांगलं जाणते."

संध्याकाळी घरात पाव्हणे जमले, दिगंबरला समजावायला. त्याच्या सासऱ्यानं पुन्हा सुरू केलं, "तुझी वहिनी..."

"माझं नाव घ्यायचं न्हाई," मी म्हणाले. सासूबाईंसमोर, डोक्यावर पदर नसताना. "माझं नाव घेऊन ह्या माणसाला पुन्हा कुणी हिणवलं, तर मी त्याच्या दारात येऊन बसन. लाज वाटायची असंल तर आजाराची वाटू देऊ नका, ह्या बोलण्याची वाटू द्या. मर्द बैठकीला जात न्हाई म्हणे. मग जातो तोच मर्द, असं मी म्हणते. घ्या आता."

सासरा उठून गेला. सासूबाईंनी त्याला थांबवलं नाही.

शाळेची खोली

रविवारी दिगंबर तयार होऊन बसला आणि उठेना. "कोणत्या तोंडानं जाऊ? त्यायला काय सांगू?"

"तोंड हाय तेच घेऊन चला." मी त्याला स्कूटीवर मागं बसवलं. आखाडा बाळापूरहून हिंगोलीपर्यंत त्यानं मान वर केली नाही. दिरानं वहिनीच्या मागं गाडीवर बसायचं, हे बघायला कळमनुरीच्या चौकात माणसं थांबली होती. बघू दिली.

बैठक एका शाळेच्या खोलीत भरते. दाराबाहेर चपला होत्या. आत सतरंजी, गोलात बसलेली माणसं, कुणीतरी बोलत होतं. मला तो गोल दिसला आणि माझा जबडा पुन्हा आवळला. ते माझ्यातून गेलेलं नाही आणि जावं अशी माझी इच्छाही नाही.

दिगंबर दारातच थिजला. आतून एक वयस्क गृहस्थ उठून बाहेर आले. त्यांनी दिगंबरला काही विचारलं नाही, नुसता त्याचा हात धरला. मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "ताई, तुमच्याबद्दल यानं सांगितलंय. तुम्हीपण या ना आत. सगळ्यांना बरं वाटेल."

"मी न्हाई येत," मी म्हणाले. "माझं इथलं न्हाई. ह्याचं इथलं हाय. ह्याला आत घ्या."

त्यांनी मान हलवली. आत सतरंजीवर माणसं सरकली, जागा झाली. दिगंबर बसला आणि शेजारच्यानं त्याच्या खांद्यावर हात टाकला. मी दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या पायरीवर बसले, बैठक सुटेपर्यंत.